प्रवेश शुल्क तीनशे, परीक्षक अज्ञात

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका 33 वर्षांच्या आहेत. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर मराठी शिकवतात. ग्रामीण कथेतली बोली या विषयावर त्यांची पीएच.डी. चालू आहे आणि त्या स्वतःही कथा लिहितात. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ‘राज्यस्तरीय’ स्पर्धांना त्या गेली काही वर्षं नियमाने कथा पाठवतात. कपाटात सन्मानपत्रांची चळत साठली आहे, पण नाव घ्यावं अशा एकाही अंकात कथा आलेली नाही. आता एक प्रकाशक कथासंग्रहासाठी 45 हजार मागतो आहे, आणि एका ‘आंतरराष्ट्रीय’ संशोधनपत्रिकेला पेपर छापण्यासाठी अडीच हजार हवे आहेत. नवरा म्हणतो, छंदापायी किती घालवणार? त्या विचारतात: ‘पुण्यामुंबईच्या लोकांना संधी आधी कळतात, आमच्यापर्यंत येईस्तोवर तारीख उलटून जाते. सगळ्या स्पर्धा आणि मासिकांची माहिती एका जागी मिळेल असं काही आहे का? आणि पस्तिशी उलटायच्या आत पुस्तक यावं म्हणून पैसे भरावेत का?’

नमस्कार,

पत्राच्या मध्यावर तुम्ही ओघात एक वाक्य लिहून गेला आहात: ‘आजवर कुणी कथेबद्दल चांगलं-वाईट काहीच कळवलेलं नाही.’ मला सगळ्या पत्रात ते वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटलं. एवढी सन्मानपत्रं आली आणि कथेबद्दल एक शब्द नाही. मग ती कथा कुणी वाचली तरी का, असा प्रश्न मला पडला. तुमच्यापर्यंत माहिती पोचत नाही असं तुम्हाला वाटतं. पत्रावरून तर दिसतं की आठवड्याला दोन-तीन आवाहनं तुमच्या फोनवर येऊन पडतात.

ही आवाहनं येतात कशी, ते जरा पाहू. प्रवेश शुल्क तीनशे. दोनशे जणांनी भरलं तर साठ हजार जमले. सहभागी सर्वांना ई-सन्मानपत्र. त्यात फक्त नाव बदलायचं असतं. विजेत्यांना चषक, पण तो घ्यायला स्वखर्चाने यायचं, आणि मागाहून कळतं की विजेत्यांच्या कथांचा ‘प्रातिनिधिक संग्रह’ निघतो आहे, त्याच्या पाच प्रती घेणं बंधनकारक आहे. या सगळ्या व्यवहारात कथा वाचण्यावाचून कुणाचं काही अडत नाही. ज्याला पैसे लेखकाकडून मिळतात तो लेखक शोधत हिंडणारच. ज्या संपादकाला आपला वाचक सांभाळायचा आहे, तो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करणार नाही. त्याच्या टेबलावर आधीच ढीग आहे.

शुल्क घेणारा प्रत्येक जण लबाड असतो असं मात्र म्हणू नका. गावोगावची वाचनालयं, छोटी साहित्य मंडळं पन्नास-शंभर रुपये घेतात, त्यातून परीक्षकाचा प्रवासखर्च आणि हॉलचं भाडं निघतं. तिथे परीक्षक दिवसभर बसून कथांवर बोलतात, चुका दाखवतात. अशा ठिकाणी जरूर जा. ओळखायचं कसं? मी दोनच गोष्टी बघते. परीक्षकांची नावं आधी किंवा निदान निकालाबरोबर जाहीर होतात का? आणि गेल्या वर्षी पहिली आलेली कथा आज मला कुठे वाचायला मिळेल? दुसऱ्या प्रश्नावर आयोजकाला फोन करून बघा. ‘मॅडम, ते रेकॉर्ड ठेवलेलं नाही’ असं उत्तर आलं तर तीनशे रुपये वाचले म्हणायचे.

आवाहनाच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते: ‘स्पर्धेसाठी आलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.’ जिंकलेल्या कथा एकदा छापण्याचा हक्क मागणं रास्त आहे. आलेल्या सगळ्याच कथांचे सगळेच हक्क कशाला हवेत? 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. त्यामुळे नुसत्या एका ओळीने आभाळ कोसळत नाही. पण उद्या तुमचा संग्रह निघताना वाद नको असेल, तर अशा ठिकाणी कथा न पाठवलेली बरी.

आणि एक, जे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: चांगल्या स्पर्धा आणि अंक अप्रकाशित कथा मागतात. फेसबुकवर टाकलेली, समूहातल्या ‘साप्ताहिक उपक्रमा’त दिलेली कथा अनेक संपादक प्रकाशित समजतात. तुम्ही लिहिता की नवी कथा झाली की आधी समूहावर टाकते, दाद मिळते. ती दाद तुम्हाला महाग पडते आहे. तुमच्या वीसेक कथांपैकी कुठे कुठे काय गेलं आहे याची एकदा वहीत नोंद करा. निखळ अप्रकाशित किती उरतात ते कळेल, आणि त्या यापुढे राखून ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, सगळी माहिती एका जागी कुठे मिळेल. अशी जागा आहे, आणि ती तुमच्या गावातच आहे. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात दिवाळी अंक योजना असते. थोडी वर्गणी भरली की शंभरएक अंक आलटून पालटून वाचायला मिळतात. सभासद व्हा. कथा वाचाच, पण त्याबरोबर सुरुवातीचं आणि शेवटचं पानही वाचा. संपादक कोण, संपादन साहाय्य कुणाचं, पत्ता कोणता, ई-मेल काय, हे तिथे असतं. ‘हे मासिक मुद्रक-प्रकाशक अमुक यांनी अमुक येथे छापून…’ अशी एक ओळही असते. कायद्याने ती छापावीच लागते, म्हणून पत्ता खरा असतो. वहीला दोन रकाने करा: अंकाचं नाव, आणि त्यात तुमच्या जातीची कथा आली होती का. तुमच्या जातीची म्हणजे लांबीने, विषयाने, बोलीच्या वापराने. विनोदी अंकाला दुष्काळाची कथा पाठवणाऱ्यांची संख्या ऐकलीत तर थक्क व्हाल. आवडत्या लेखकांच्या कथासंग्रहांत पूर्वप्रसिद्धीची नोंद असते तीही पाहा. कुठल्या अंकांनी त्यांना आधी छापलं हे तिथे सरळ लिहिलेलं असतं. एवढ्यातून पंधरा-वीस नावं निघाली, की तुमच्यापुरती यादी तयार. दुसऱ्या कुणाची यादी तुमच्या कामाची नाही, कारण तिच्यात तुमची कथा कुणाला आवडेल हे लिहिलेलं नसतं.

1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत कथेचा हंगाम ठरलेला आहे, आणि तो दिवाळीत नसतो. दिवाळी अंकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं. कथास्पर्धा घेणारे अंक आपली आवाहनं साधारण मार्च ते जून या काळात आपल्याच अंकात, वर्तमानपत्रात किंवा स्वतःच्या पानावर देतात. गणपती येईपर्यंत मजकूर बहुधा ठरलेला असतो. तुम्ही सप्टेंबरात कथा पाठवता आणि उत्तर येत नाही म्हणून खट्टू होता, त्याचं कारण बहुतेक हेच. तारीख उलटून जाते ती बातमी उशिरा कळल्यामुळे नव्हे. हंगाम दरवर्षी तोच असतो, त्याला बातमी लागत नाही.

मी काही वर्षं एका दिवाळी अंकाच्या संपादनाला हातभार लावला आहे, म्हणून टेबलापलीकडचं थोडं सांगते. जुलैत मेल उघडली की एकाच लेखकाच्या चार कथा जोडलेल्या असतात आणि खाली: ‘योग्य वाटेल ती घ्यावी.’ चारही मागे पडतात. जुन्या फॉन्टमधली फाइल उघडली की पडद्यावर नुसती चौकटींची रांग दिसते. ती पुन्हा मागवायला कुणाला वेळ नसतो. कथेआधी दीड पानाचा परिचय, त्यात पुरस्कारांची जंत्री. खरं सांगते, ती कुणी वाचत नाही. एकच कथा, युनिकोडमध्ये टाइप केलेली, वर्डची फाइल आणि सोबत पीडीएफ, शेवटी नाव, पत्ता, फोन, ‘ही कथा अप्रकाशित आहे’ एवढं एक वाक्य: झालं. फाइलचं नाव ‘कथा फायनल नवीन 2’ असं नको, कथेचं आणि तुमचं नाव द्या. हस्तलिखित चालणारे संपादक अजून आहेत. तिथे कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं आणि झेरॉक्स स्वतःकडे ठेवायची.

काही नामवंत अंक निमंत्रितांचंच साहित्य घेतात, हेही खरं. तिथे तुमची तक्रार योग्य आहे, ओळखीचा फायदा होतो. पण मराठी वाङ्मयाचा पत्ता पुणे-मुंबई एवढाच कधी नव्हता. पुरुषोत्तम पाटलांनी ‘कवितारती’ हे कवितेचं नियतकालिक धुळ्याहून चालवलं आणि उभ्या महाराष्ट्रातले कवी तिथे कविता पाठवत. ‘नवभारत’ वाईचं. विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’ नागपूरचं. तुमच्या तर घरातच मराठवाडा साहित्य परिषद आहे, तिचं ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक आहे, जिल्ह्याजिल्ह्यात शाखा आहेत. पत्रात यातल्या एकाचंही नाव नाही याचं मला नवल वाटलं. यातल्या प्रत्येकाचा ताजा अंक मिळवून मगच पाठवा. संपादक आणि पत्ते बदलत असतात. मुलांसाठी लिहिणाऱ्यांना बालभारतीचं ‘किशोर’ आहे. परदेशातल्या वाचकांपैकी कुणी हे वाचत असेल तर सिंगापूरच्या महाराष्ट्र मंडळाचं ‘ऋतुगंध’ आठवावं.

आता 45 हजार. इथे मी जरा स्पष्ट बोलते: भरू नका. पैसे जातील हे तर आहेच, पण त्याहून मोठं नुकसान आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशांसाठी आहे. मंडळ हस्तलिखितं मागवतं, जाणकार ती वाचतात, निवडलेल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान मिळतं. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळे पुरस्कार आहेत. कवितेसाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा, कथेसाठी ग. ल. ठोकळांच्या नावाचा. पहिलं पुस्तक एकदाच पहिलं असतं. घाईत, संपादनाशिवाय, मुद्रणदोषांसकट तीनशे प्रती काढून घरात रचून ठेवल्या की ही दोन्ही दारं तुमच्या हातानेच बंद होतात. तुमच्या प्रकाशकाने पाठवलेल्या पॅकेजमध्ये ‘आयएसबीएनसह’ असं ठळक लिहिलं आहे. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. भारतात तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. ज्याची किंमत शून्य आहे ते जो आधी ठळक करतो, त्याच्या बाकीच्या ओळीही त्याच नजरेने वाचाव्यात.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणं कमीपणाचं आहे असं मी म्हणत नाही. मराठीत तशी चांगली पुस्तकं निघालेली आहेत. पण ते करायचं तर छापखान्याचं कोटेशन स्वतः घ्या, मुद्रितशोधकाला स्वतः पैसे द्या, प्रती कुठे विकणार ते आधी ठरवा. मधल्या माणसाला 45 हजार देऊन वर त्याने ‘आम्ही तुमचं पुस्तक स्वीकारलं’ म्हणायचं, हा प्रकार मला पटत नाही. आणि 10-12 कथा आधी निरनिराळ्या अंकांत येऊन गेल्या असतील तर प्रकाशक हस्तलिखित वेगळ्या हाताने उचलतो. तुमच्याकडे तो टप्पाच राहिला आहे.

पस्तिशीचं ओझं कुठून आलं ते मला कळतं. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 2011 पासून दिला जातो, तो 35 वर्षांपर्यंतच्या लेखकांना. अकादमीची नवोदय योजनाही तरुण लेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी आहे. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची पीएम-युवा योजना तर 30 च्या आतल्यांसाठी: निवड झालेल्यांना मार्गदर्शक मिळतो आणि सहा महिने दरमहा 50 हजार. तुमची ती वेळ गेली, पण तुमचे विद्यार्थी त्या वयात आहेत, त्यांना सांगा. नवोदयची चौकशी तुम्ही आजच करा, दोन वर्षं हातात आहेत. युवा पुरस्कारासाठी मात्र पुस्तक घाईने उरकू नका. तो एका वर्षी एका भाषेत एकाला मिळतो, आणि बाकी सगळ्यांना आपलं पुस्तक तसंच घेऊन पुढे जायचं असतं.

पेपरचं वेगळं आहे, कारण तिथे तुमच्या नोकरीचा प्रश्न गुंतला आहे. आधी एक गैरसमज दूर करू. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2022 च्या नियमावलीत काढून टाकली. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती लागू आहे, म्हणून संशोधन विभागाकडे लेखी विचारा. मार्गदर्शकांच्या ‘बहुतेक लागतं’वर थांबू नका. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी निवड करताना शोधनिबंधांना गुण असतात, हे खरं. पण अडीच हजार मागणारी ही पत्रिका ‘यूजीसी-केअर लिस्टेड’ म्हणून स्वतःची जाहिरात करते आहे, आणि ‘केअर’ ही मान्य पत्रिकांची यादीच यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. आता पत्रिकेचा दर्जा पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आहे. म्हणजे उद्या मुलाखतीत समोरचा जाणकार तुमचा पेपर उघडूनच बघेल. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. मराठी पत्रिकेच्या मुखपृष्ठावर इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे तिच्यातल्या निबंधांचे दाखले इतरत्र किती दिले जातात याचा आकडा, झळकत असेल तर मला तरी तिथेच शंका येते. चार दिवसांत ‘स्वीकृती’ आणि सोबत बँक खात्याचा क्रमांक आला, तर त्या निबंधाचं परीक्षण झालेलं नाही हे समजायला आणखी पुरावा नको. संपादक मंडळातल्या दोन प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल करून विचारा की आपण खरोखर या मंडळावर आहात का. काहींना आपलं नाव तिथे आहे हेच ठाऊक नसतं.

तुमच्या विषयाला घर आहे. बोलीवरचं काम मराठी अभ्यास परिषदेच्या ‘भाषा आणि जीवन’मध्ये शोभेल. वाङ्मयाच्या बाजूने लिहिलं तर ‘अनुष्टुभ’ आहे, महाराष्ट्र साहित्य परिषदेची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ आहे. पण प्रबंधाचं एक प्रकरण कापून तसंच पाठवू नका. प्रकरण परीक्षकासाठी लिहिलेलं असतं. त्यात व्याख्या येतात, पूर्वसूरींचा आढावा येतो, आणि तुमचं म्हणणं चाळिसाव्या पानावर उगवतं. पत्रात तुम्ही एक निरीक्षण लिहिलं आहे: कथेतली बाई नवऱ्याशी बोलताना बोली वापरते आणि त्याच कथेतला निवेदक तिच्याबद्दल प्रमाण भाषेत बोलतो. एवढ्या एका मुद्द्यावर, तीन कथांचे उतारे समोर ठेवून, बारा पानं लिहा. तेवढा निबंध पुरेसा आहे. इंग्रजीवर चांगली पकड असलेल्या संशोधक वाचकांनी न्यू इंडिया फाउंडेशनची अनुवाद पाठ्यवृत्ती पाहावी; मराठीतलं वैचारिक लेखन इंग्रजीत नेण्यासाठी ती आहे.

नवऱ्याचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका, पण हिशोबाचा प्रश्न त्याने बरोबर विचारला आहे. वर्षभरात शुल्क, प्रती, प्रवास यांत किती गेले ते एकदा मांडून दाखवा त्याला. त्याच्या निम्म्या पैशात वाचनालयाची वर्गणी, दोन-तीन नियतकालिकांच्या वर्गण्या आणि पोस्टेज निघेल. एखादा अंक मानधनही पाठवेल. रक्कम मोठी नसते, तरी पैसे उलट्या दिशेने आलेले त्यालाही दिसतील.

यंदा सुरुवातीला तीनच कथा काढा, तीन वेगळ्या अंकांना पाठवा आणि तारीख लिहून ठेवा. पोच बहुधा येणार नाही. तीन महिने झाले की दोन ओळींची विचारणा करा, त्यात राग नको. उत्तर आलं नाही तर कथा मागे घेत असल्याचं कळवून पुढच्या अंकाला पाठवा. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी द्यायची नाही हा इथला रिवाज आहे. संपादकांची जमात लहान आहे आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली असते. साभार परत आलेल्या कथेसोबत कधी कुणी हाताने एखादी ओळ लिहितं, ‘शेवट घाईत झाला’ अशी. तसं झालं तर ती कथा लगेच दुसरीकडे धाडू नका. शेवट पुन्हा लिहा आणि पुढच्या हंगामात त्याच संपादकाला दुसरी कथा पाठवा.